हजार-दीड हजारातली वाइन पारखायची कशी?

साडेसातशे ते दीड हजार रुपयांच्या पट्ट्यात आज दुकानात नाशिक, अकलूज, नंदी हिल्स, चिली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इटली अशा सगळीकडच्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या दिसतात. नवा माणूस देशाचं नाव, लेबलवरचं चित्र आणि किंमत बघून एखादी उचलतो. ती आवडली तर का आवडली हे सांगता येत नाही, आणि नाही आवडली तर दोष वाइनचा, दुकानदाराचा की आपल्या जिभेचा, तेही कळत नाही.

आम्ही काही मित्रमैत्रिणी पुण्यात घरीच चाखणीच्या बैठका करतो. त्यातून मला पक्कं पटलेलं एकच सांगतो. एकाच द्राक्षाच्या, साधारण एकाच किमतीच्या, पण वेगवेगळ्या प्रदेशांतल्या किंवा उत्पादकांच्या तीन बाटल्या झाकून शेजारी ठेवा. त्या एका संध्याकाळी जेवढं कळतं, तेवढं वर्षभर एकेक बाटली सुटी पिऊन कळत नाही.

झाकायच्या का, हे आधी सांगतो. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या नावाजलेल्या आणि कॅलिफोर्नियाच्या तेव्हा फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या वाइन लेबल लपवून ठेवल्या. पांढऱ्या आणि लाल, दोन्ही गटांत पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या वाइनचा आला. पुढे २००१ साली फ्रान्समधल्याच एका अभ्यासात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळे जिभेवर एवढी सत्ता चालवतात. म्हणून बाटली झाकायचीच.

आधी जमवाजमव

- वयाचा पुरावा आणि मद्य परवाना. महाराष्ट्रात हा एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. एक दिवसाचा बहुधा दुकानातच फाडून देतात. त्या दिवशी ड्राय डे नाही ना, हे आधी बघा.
- तीन बाटल्या. सहा जणांना पुरून उरतात.
- माणशी किमान दोन पेले, सगळे एकाच घाटाचे: खाली फुगीर, वर निमुळते. जाड काचेचे रुंद तोंडाचे पेले नकोत, वास उडून जातो.
- बाटल्या झाकायला वर्तमानपत्र आणि रबरबँड, किंवा जुने स्वच्छ पायमोजे.
- प्रत्येकाला थुंकायला एक उभा स्टीलचा पेला.
- साधं पाणी, लादी पाव, कोरे पांढरे कागद, पेनं.

थुंकायचं म्हटलं की पहिल्यांदा सगळे संकोचतात. पण हिशोब करा. माणशी ५० मिलिलिटरचा एक घोट-पेला, असे चार (चौथा कशाचा, ते तिसऱ्या पायरीत) झाले की २०० मिलिलिटर. १३ टक्के अल्कोहोल धरलं तर त्यात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. तिसऱ्या पेल्यापासून निवाडा सैल पडू लागतो. आधी थुंकून चाखा, गुण लिहा, मग जी आवडली ती जेवताना निवांत घ्या. आणि घरी जाताना गाडी चालवणाऱ्याने शेवटपर्यंत थुंकावंच. यात सूट नाही.

१. एक द्राक्ष ठरवा

पहिल्या बैठकीला पांढरी वाइन घ्या. लाल वाइनच्या तुरटपणाने जीभ लवकर थकते. माझी शिफारस शेनिन ब्लाँची. हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातलं. दक्षिण आफ्रिकेत ते इतकं रुजलं, की आज तिथे सगळ्यांत जास्त लागवड याचीच आहे. नाशिकच्या मातीलाही ते पहिल्यापासून मानवलं. त्यामुळे नाशिकच्या दोन वेगवेगळ्या वायनरींच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपची एक, अशा तीन बाटल्या आपल्या पट्ट्यात सहज बसतात. व्हूव्रे ही ल्वारची शेनिनचीच वाइन मिळाली तर फारच छान, पण इथे ती या पैशांत सहसा हाती लागत नाही. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांना ती सोपी, त्यांना नाशिकची शोधावी लागेल.

पांढऱ्यात दुसरा पर्याय सोविन्यों ब्लाँ: नाशिक, चिली आणि न्यूझीलंडचा मार्लबरो प्रदेश. लालमध्ये शिराज: नाशिक, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका.

वेगवेगळी द्राक्षं एकत्र करू नका. नाशिकची शेनिन आणि इटलीची किआन्ती (सांजोवेझे या द्राक्षाची लाल वाइन) शेजारी ठेवली तर फरक दिसेल, पण तो प्रदेशाचा की द्राक्षाचा हे कधीच कळणार नाही.

२. दुकानात काय बघायचं

पहिलं, बाटली कुठे ठेवली आहे ते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काचेच्या शोकेसमध्ये, ट्यूबलाइटखाली महिनोन् महिने उभी असलेली बाटली कोणत्याही देशाची असो, तिच्यातली वाइन शिजलेली असण्याची शक्यता मोठी. एसी असलेलं, मालाची उलाढाल जोरात असलेलं दुकान निवडा आणि बाटली आतल्या खोक्यातून मागा. बुच वर सरकलेलं, झाकणाखाली चिकट ओघळ, मानेतली पातळी खाली गेलेली, यातलं काहीही दिसलं तर परत ठेवा. फिरकीचं झाकण पाहून नाक मुरडू नका. रोजच्या वाइनला ते बुचापेक्षा जास्त भरवशाचं असतं.

दुसरं, साल. लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष. नाशिकला द्राक्षवेलींची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरची. म्हणजे एकाच सालाची नाशिकची बाटली फ्रेंच बाटलीपेक्षा सात-आठ महिन्यांनी मोठी असते. चिली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात असल्याने त्यांची तोडणीही साधारण फेब्रुवारी ते एप्रिलची, आपल्या जवळची. या पट्ट्यातली पांढरी वाइन तोडणीपासून दोन वर्षांच्या आत प्यावी, लाल तीन-चार वर्षांच्या आत. ‘जुनी तितकी चांगली’ हा नियम थोड्या, महागड्या बाटल्यांसाठी आहे. ‘एकावर एक मोफत’ची पाटी दिसली की आधी साल वाचा.

तिसरं, लेबलवरचे भारदस्त शब्द. स्पेनमध्ये रिओहा लाल वाइनवर ‘रेसेर्वा’ लिहायचं तर ती किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं एक वर्ष ओक लाकडाच्या पिंपात. आपल्याकडे ‘रिझर्व्ह’ म्हणजे बहुतेक वेळा त्या कंपनीची वरची श्रेणी, एवढंच. गोव्यात आणि इथेही मिळणारी स्वस्त ‘पोर्ट’ ही गोड लाल वाइन असते. पोर्तुगालच्या दौरू खोऱ्यातली खरी पोर्ट द्राक्षाची ब्रँडी घालून केलेली, २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची, वेगळ्याच घराण्यातली. आणि बाटली जड आहे किंवा तिच्या बुडाला खोल खळगा आहे, यावरून आतल्या वाइनचं काही कळत नाही.

चौथं, किंमत. हे नीट समजून घ्या, कारण ‘इंपोर्टेड म्हणजे चांगली’ हा समज इथेच फसतो. भारतात परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं आहे. बंदरात ३५० रुपयांना उतरलेली बाटली त्या एका करानेच ८७५ वर जाते. वर राज्याचे कर, आयातदार, वितरक, दुकानदार. म्हणजे दीड हजाराची परदेशी बाटली तिच्या मायदेशी सुपरमार्केटच्या खालच्या फळीवरची असते. महाराष्ट्राने २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून राज्यातल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. त्यामुळे त्याच पैशांत नाशिक किंवा अकलूजच्या उत्पादकाची मधली, कधी वरची श्रेणीही येते. ऑस्ट्रेलियाचं चित्र थोडं बदललं आहे. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारात ५ ते १५ अमेरिकी डॉलर आयात किमतीच्या बाटलीवरचं शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं आणि टप्प्याटप्प्याने ते आणखी उतरतं आहे.

गोव्याहून येताना स्वस्त म्हणून डिकीत बाटल्या भरून आणू नका. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेलं मद्य परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे आणि सीमेवरच्या नाक्यावर तपासणी होते.

३. घर आणि तापमान

चाखणीच्या दिवशी घरात फोडणी, धूप, उदबत्ती, अत्तर काहीही नको. मोगऱ्याचा गजरा माळून कोणी आलं तर गजरा दुसऱ्या खोलीत. शेनिनचा नाजूक वास मोगऱ्यापुढे टिकत नाही. पेले साबणाच्या वासाचे नाहीत ना, हेही बघा. गरम पाण्याने धुऊन उघड्यावर वाळवा. कपाटात पालथे ठेवलेल्या पेल्यात लाकडाचा वास साठतो.

पांढरी वाइन ८ ते १२ अंशांवर हवी. फ्रिजमध्ये तीन तास, किंवा बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत २०-२५ मिनिटं. नुसता बर्फ नको, पाणी घातल्याशिवाय तो बाटलीला सगळीकडून भिडत नाही. फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. फार गार वाइनला वासच येत नाही, आणि हलक्या दर्जाची वाइन विकणाऱ्यांना ते सोयीचं असतं.

लाल वाइन ‘रूम टेंपरेचरला’ प्यावी असं सांगतात. ती रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्या ३० अंशांच्या खोलीत लाल वाइन नुसती दारूसारखी झोंबते. तिलाही फ्रिजमध्ये पाऊण ते एक तास ठेवा.

आता एकाने आत जाऊन बाटल्या गुंडाळायच्या आणि त्यांना क, ख, ग अशी अक्षरं द्यायची. आकड्यांनी उगाच क्रम मनात येतो. मान आणि झाकणही झाका, नाहीतर ओळखणारे ओळखतात. चौथा पेला ‘घ’ म्हणून त्याच तिघींपैकी एक पुन्हा ओता, आणि हे बाकीच्यांना सांगू नका. का, ते गुणांच्या पायरीत येईल.

४. जीभ तयार करा

ही पायरी टाळू नका. नवख्या माणसाची खरी अडचण अशी असते, की वाइनमध्ये आंबट, गोड, तुरट आणि अल्कोहोलची ऊब एकदमच येतात आणि ‘कडक आहे’ एवढंच कळतं. त्यांना सुटं करायला स्वयंपाकघरातले चार पेले पुरतात.

पहिल्यात पाण्यात अर्धं लिंबू. घोट घ्या, गिळा आणि तोंड जरा खाली झुकवून थांबा. जिभेच्या दोन्ही कडांनी लाळ सुटेल. वाइनची आम्लता अशीच मोजायची: लाळ किती सुटली आणि किती वेळ.

दुसऱ्यात दहा मिनिटं उकळलेला, गार केलेला कोरा चहा, बिनसाखरेचा. हिरड्या कोरड्या पडतात, ओठ दातांना चिकटल्यासारखे होतात. हा तुरटपणा, वाइनच्या भाषेत टॅनिन. कच्चं जांभूळ, सुपारी, हिरडा, आवळा खाल्लेल्या माणसाला तो वेगळा शिकवायला लागत नाही. तो लाल वाइनमध्ये सालीतून आणि बियांतून येतो. पांढरी वाइन साली काढून टाकून आंबवतात, म्हणून तिच्यात तो जवळजवळ नसतो.

तिसऱ्यात पाण्यात दीड चमचा साखर. चौथ्यात अर्धं लिंबू आणि दीड चमचा साखर. पहिला आणि चौथा पाठोपाठ प्या. लिंबू तेवढंच आहे, तरी चौथा कितीतरी कमी आंबट लागतो. म्हणजे गोडवा आम्लता झाकतो, आणि थोडीशी साखर राखलेली वाइन नवख्याला सगळ्यांत ‘स्मूथ’ वाटते. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये असा हलका गोडवा मुद्दाम ठेवलेला असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त ते ओळखता आलं पाहिजे.

गोड वास आणि गोड चव यांतही गल्लत होते. वाइनला पिकलेल्या पेरूचा वास आला की ती गोड आहे असं मेंदू ठरवून टाकतो. शंका आली तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. नाक बंद असताना जे गोड लागेल, तीच साखर.

५. बघा, हुंगा, घोळवा

बघण्यात वेळ घालवू नका. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. पांढरी वाइन फिकट आणि हिरवट झाक असलेली असेल तर ताजी, गडद सोनेरी असेल तर मुरलेली किंवा ओकमध्ये ठेवलेली, तपकिरीकडे झुकली असेल तर बहुधा हवेने बिघडलेली. पेल्याच्या कडेने उतरणाऱ्या ओघळांवर लोक बरंच बोलतात. ते अल्कोहोलच्या बाष्पीभवनामुळे होतात, गुणवत्तेशी त्यांचा संबंध नाही. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका. ती टार्टारिक आम्लाची पोटॅशियमबरोबर झालेली स्फटिकं आहेत, निरुपद्रवी.

हुंगण्यात मात्र भरपूर वेळ द्या. वाइनची बहुतेक ‘चव’ नाकातच असते. आधी पेला न हलवता हुंगा, मग गोल फिरवून. लांब श्वास ओढण्यापेक्षा दोन-तीन छोटे हुंगे घ्या, मग नाक बाजूला करा. नाक काही सेकंदांत एका वासाला सरावतं. मध्येच स्वतःच्या शर्टाची बाही हुंगली की ते पुन्हा ताळ्यावर येतं.

कोणता वास, हे ओळखताना एकदम ‘गूजबेरी’ आणि ‘ब्लॅककरंट’ शोधू नका. जे फळ आपण कधी खाल्लंच नाही ते आठवणार कसं? १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या ॲन नोबल यांनी वाइनच्या वासांचं चक्र तयार केलं. त्यातली युक्ती साधी आहे: मोठ्या गटापासून छोट्याकडे या. फळ, फूल, हिरवा पाला, मसाला, माती, भाजका वास, यातलं काय? फळ असेल तर लिंबाच्या जातीचं, सफरचंद-पेरूच्या, आंब्या-अननसाच्या, की करवंद-जांभळाच्या? मग कच्चं, पिकलं, की शिजवलेलं? एवढ्या तीन प्रश्नांत कुणीही आपल्या शब्दांपर्यंत पोचतो.

काही वासांमागे ठरलेली रसायनं आहेत, त्यामुळे ते ओळखायला सोपे. सोविन्यों ब्लाँमधला ढोबळी मिरचीचा वास खरोखर ढोबळी मिरचीतल्याच पायराझिन गटातल्या संयुगाचा असतो. द्राक्ष कमी पिकलं की तो वाढतो. शिराजमधला काळ्या मिरीचा वास रोटन्डोन नावाच्या संयुगाचा. तेच मिऱ्यातही असतं, आणि थंड प्रदेशातल्या शिराजमध्ये ते जास्त जाणवतं. डब्यातला मिऱ्याचा दाणा ठेचून शेजारी ठेवा आणि आलटून पालटून हुंगा. एकदा जुळलं की विसरत नाही.

मग घोट. १०-१५ मिलिलिटर तोंडात घ्या, सगळीकडे फिरवा, ओठ थोडे उघडून जरा हवा आत ओढा आणि थुंका. आता गप्प बसा आणि मनात सेकंद मोजा. चव किती वेळ मागे रेंगाळते आणि रेंगाळताना छान राहते की कडवट होते? या पट्ट्यातल्या वाइनची चव पाच सेकंदांत पुसली जाणं नेहमीचंच. दहा-बारा सेकंद टिकली तर ती बाटली लिहून ठेवा.

आमच्या एका शेनिनच्या बैठकीतलं माझं टिपण देतो, नमुना म्हणून. ‘क: जवळजवळ पाण्यासारखी फिकट. हलवण्याआधी काहीच नाही, हलवल्यावर पेरू, मग हिरव्या सफरचंदाची साल. पहिल्या घोटाला हलकी गोड, लाळ मध्यम, सहा सेकंदांत संपली. ग: रंग थोडा पिवळा. लिंबाची साल, ओली पेंढी, किंचित मध. अजिबात गोड नाही. लाळ भरपूर, मागे लिंबाच्या बीसारखा बारीक कडवटपणा, पण चांगला. बारा सेकंद.’ यात शोभेचा एकही शब्द नाही, तरी महिन्यांनी वाचलं तरी दोन्ही वाइन समोर उभ्या राहतात.

६. बिघडलेली बाटली ओळखा

नवखे लोक बिघडलेल्या वाइनला ‘मला वाइन आवडत नाही’ म्हणून मोकळे होतात, म्हणून हे वास पाठ करा.

- भिजलेला पुठ्ठा, पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटाचा कुबट वास: बुचाचा दोष. टीसीए या संयुगामुळे होतो. अपायकारक नाही, पण फळाचा वास मारून टाकतो.
- कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी रंग: हवेने बिघडलेली.
- नेलपॉलिश रिमूव्हर किंवा शिरका: आंबवणीत किंवा साठवणीत जिवाणू शिरले.
- शिजलेल्या मनुका, जाम: उष्णतेने गेलेली. आपल्याकडे हा दोष सर्रास भेटतो.
- उकडलेलं अंडं, विझवलेली काडी: हा पुष्कळदा निघून जातो. पेला जोरात फिरवून दहा मिनिटं ठेवा.

दोष पक्का वाटला तर बाटली बुच आणि बिलासह दुसऱ्या दिवशी दुकानात न्या. जवळजवळ भरलेली बाटली घेऊन जा, अर्ध्याहून जास्त संपवलेली कोणी बदलून देत नाही.

७. गुण द्या, पण आधी लिहा आणि मग बोला

सगळ्यांनी लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. एकाने ‘अननस!’ म्हटलं की सगळ्यांना अननसच यायला लागतो. आमची वीस गुणांची पद्धत अशी:

- गंध, ६: स्वच्छ आहे का, किती जोरकस, एकापेक्षा जास्त गोष्टी सापडतात का.
- तोल, ८: आंबट, गोड, तुरट, ऊब यांतलं एखादं बाकीच्यांना दाबून टाकतं का.
- लांबी, ४: चव किती सेकंद आणि कशी रेंगाळली.
- आणखी एक पेला घ्यावासा वाटतो का, २.

‘मला आवडली’ आणि ‘चांगली आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या लिहायच्या. तिखट आम्लता मला आवडत नसेल, तरी ती वाइन तोलाची असू शकते. तोलाला सर्वांत जास्त गुण मी मुद्दाम ठेवले आहेत. स्वस्त वाइन चुकते ती बहुतेक तिथेच: अल्कोहोल जास्त आणि फळ कमी, किंवा आम्लता पडल्यामुळे साखरेने सावरलेली.

आता ‘घ’ पेल्याकडे या. ती पुन्हा ओतलेली वाइन होती. तिला पहिल्यांदा किती आणि दुसऱ्यांदा किती गुण पडले, ते तपासा. रॉबर्ट हॉजसन या अमेरिकी वाइन उत्पादकाने कॅलिफोर्नियाच्या राज्य स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली होती. साधारण दहातल्या एकालाच तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देता आले. त्यामुळे तुमच्यात दोन-तीन गुणांचा फरक पडला तर तेवढी तुमच्या मापाची चूकभूल धरा, आणि दोन बाटल्यांत त्याहून कमी फरक असेल तर त्या सारख्याच माना.

८. कागद उतरवा

आधी प्रत्येकाने तिन्ही बाटल्यांच्या किमतीचा अंदाज लिहायचा, मग कागद उतरवायचे. नंतर किंमत आणि गुण शेजारी मांडा. ‘हीच बाटली मी या पैशांत पुन्हा घेईन का?’ याचं हो किंवा नाही लिहा. मला वहीत सगळ्यांत उपयोगी पडलेला रकाना हाच.

प्रत्येक बाटलीत थोडी वाइन उरवून झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखा. नीट केलेली वाइन एका रात्रीत फारशी ढळत नाही, काही लाल तर मऊ होऊन सुधारतात. घाईने गोडगुळगुळीत केलेल्या वाइनचं फळ रात्रीतून विरतं आणि मागे नुसतं आंबट पाणी उरतं. दुकानात भारी वाटलेल्या बाटल्या इथे उघड्या पडतात.

९. जेवणाबरोबर पुन्हा एकदा

आपलं जेवण तिखट आणि मसालेदार आहे, वाइनची पुस्तकं लिहिणाऱ्यांचं बहुतेक तसं नाही. मिरचीने अल्कोहोल जास्त जळजळतं आणि टॅनिन जास्त बोचतं. तांबड्या रश्श्याबरोबर भरगच्च शिराज घेऊन बघा, दोन्ही बिघडतात. तिथे ती हलकी गोड नाशिकची शेनिन, गार असलेली, एकदम कामाला येते. पहिल्या फेरीत तिला कमी गुण मिळाले असतील तर जेवताना तिला वेगळे गुण द्या. तळलेल्या बोंबलाबरोबर किंवा कोथिंबीर वडीबरोबर आम्लतेची सोविन्यों ब्लाँ छान बसते. शिराजला सुकं मटण, कमी तिखट. पुरणपोळी, श्रीखंड यांच्यापुढे कोरडी, म्हणजे बिनगोड वाइन कडू लागते. त्या दिवशी वाइन राहू द्या.

१०. पुढच्या फेऱ्या

शेनिननंतर सोविन्यों ब्लाँ करा. मार्लबरोची झणझणीत आणि पॅशनफ्रूटच्या वासाची, चिलीच्या थंड किनारी खोऱ्यांतली गवताळ, नाशिकची बहुधा पेरूकडे झुकणारी आणि मवाळ. हे मी सांगितलं म्हणून लिहू नका, झाकून बघा.

मग शिराज. आणि लालमध्ये हात बसला की एक वेगळी जोडी: अकलूजची सांजोवेझे आणि इटलीची साधी किआन्ती. सोलापूर जिल्ह्यात इटालियन द्राक्ष लावून केलेली वाइन आणि तिच्या माहेरची वाइन एकाच टेबलावर ठेवता येते, ही मला आपल्या काळातली फार आनंदाची गोष्ट वाटते. किआन्तीची बाटली आपल्या पट्ट्याच्या थोडी वर जाईल, चौघांत वाटून घ्या.

नाशिकला जायचं असेल तर जानेवारी ते मार्च या तोडणीच्या हंगामात जा आणि शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी सकाळी टेस्टिंग रूममध्ये गर्दी नसते, ओतणाऱ्याला बोलायला वेळ असतो. त्याला तीनच प्रश्न विचारा: द्राक्षं स्वतःची की विकत घेतलेली, तोडणी कोणत्या महिन्यात झाली, आणि बाटलीत भरताना साखर किती ग्रॅम राहिली होती. उत्तरं वहीत त्या बाटलीच्या नावापुढे लिहा, आणि घरी आल्यावर तीच बाटली पुन्हा कागदात गुंडाळून चाखा.